उतारावरचा गिअर

प्रिय अक्षू,

फोन सोडून आई पत्र का लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोन हॉलमध्ये आणि फोनशेजारी तुझे बाबा. जरा पाठ टेकते असं सांगून आत आले आहे नि हे खरडतेय. पाठ दुखतेच आहे म्हणा, अगदीच थाप नाही.

इथे एव्हरशाईन सोसायटीत सगळं नेहमीसारखं. लिफ्ट पुन्हा बंद, पाण्याची बोंब. दर रविवारी आम्ही गाडी काढून रेल्वेवरचा पूल ओलांडतो आणि पश्चिमेला आपल्या वाडीवर जातो. केळींना पाणी मिळालं का, हे स्वतः बघितल्याशिवाय तुझ्या बाबांना चैन पडत नाही. तिथली वसुंधराकाकू विड्याची पानं बांधून देते आणि हटकून विचारते, अक्षया कधी येणार? मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते.

दिवाळीत त्या पुलावर घडलं ते माझ्या मनातून जात नाही. चढ संपला की न्यूट्रल करायचं नि चावी बंद करायची, ही त्यांची जुन्या गाडीपासूनची खोड. घोटभर पेट्रोल वाचलं की स्वारी दिवसभर खूश! त्या दिवशी पुढची रिक्षा थांबली आणि इंजिन बंद म्हणून यांचा ब्रेक कडक होऊन बसला. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. तू कळवळून सांगत होतीस, बाबा, ही नवी गाडी आहे, उतारावर गिअर तसाच ठेवून नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, पेट्रोल आपोआप बंद होतं आणि इंजिनच गाडी आवरून धरतं. पण गाड्यांच्या कंपनीत लागलीस म्हणून बापाला शिकवतेस का, उतर खाली, असं ते म्हणाले. आणि तूही खरंच उतरलीस, ती थेट पुण्याला. बाप तशी लेक. तेव्हापासून तुम्ही दोघं गप्प आणि मधल्यामधे मी. कंटाळले गं मी.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. होळीपासून ते चावी बंद करत नाहीत. पुलाच्या माथ्यावर आलं की गिअर तसाच ठेवतात, पाय काढतात आणि गाडी घुमत घुमत सावकाश उतरते. पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी बिघडलं. विचारलं तर म्हणाले, गाडीचा मूड सांभाळावा लागतो. पुढे एकदा वाडीवरच्या सुधाकरकाकांना गाडीत बसवून हेच सगळं ऐटीत समजावत होते, जणू शोध यांनीच लावला. मी खिडकीबाहेर बघून हसले. मग रडू आलं. तुझं नाव घेतलं नाही, पण शब्दन् शब्द तुझा होता.

हल्ली गाडीत मी अखंड बोलत असते. समोर रिक्षा आहे, डावीकडून सायकल येतेय, सिग्नल लाल झाला. ते म्हणतात, बायको नव्हे, कंडक्टर आहेस. म्हणू देत. गेल्या रविवारी मला खोकल्याची उबळ आली आणि तेवढाच वेळ मी गप्प राहिले. उतार संपतो तिथे मटिल्डाबाई मासळीची पाटी घेऊन डावीकडून रस्ता ओलांडत होती. मी किंचाळले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. लुगड्याला बंपर टेकला, बाई वाचली. तुझ्या त्या गिअरने गाडी आधीच आवरली होती म्हणून. नाहीतर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही.

अक्षू, त्यांना बाजूचं दिसत नाही. काचबिंदू आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलंय आणि यांनी मला शपथ घातलीय, कोणाला सांगायचं नाही, तुला तर नाहीच. आज मी ती मोडली. इतके महिने मी त्यांचे डोळे झाले, आता माझ्याने होत नाही. चावी मी मागितली तर घर डोक्यावर घेतील. तू माग. तुझं एक त्यांनी ऐकलंय, दुसरंही ऐकतील. रागवायचं असेल तर आल्यावर रागव, पण रविवारच्या आत ये.

तुझीच,
आई