डोळ्यांवर आलेलं जावळ

सोम. ३ नोव्हें.
स्वराचा फोटो काढायला सेनगावला. सून शीतल, मी आणि ही नात. पासपोर्टसाठी! धड बसता येत नाही त्या लेकराला पासपोर्ट. मुलगा विजय मस्कतला ए.सी. दुरुस्तीवर. पोरगी झाल्यापासून बापाने तिला फोनवरच पाहिलीय.

फोटोवाला गजानन. बोलका, जरा जास्तच. मागे पांढरं पाहिजे, डोळे उघडे, तोंड बंद, आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. म्हणून मला स्टुलावर बसवलं, डोक्यापासून पांढरी चादर घातली, वर मांडीवर पोरगी. मी चादरीच्या आतून तिला धरायचं. आत जीव गुदमरला. बाहेर गजानन खुळखुळा वाजवून राहिला. हसली की "हसू नको गं माय", रडली की "आता रडू नको." एक जमला. बस चुकली, जीपने आलो. कंबर गेली कामातून.

गुरु. ६
पहाटेच्या बसने पासपोर्टच्या ऑफिसला. खिडकीवरच्या मॅडमने फोटो परत दिला. जावळ पार भुवयांवर आलंय, डोळे झाकतात. "केस हटवून काढून आणा." शीतल म्हणाली, मॅडम, जावळ काढायचं राहिलंय अजून. त्या म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही बघा. बराबर आहे, त्यांची काय चूक.

येताना पोरगी माझ्या छातीवर झोपून. फोटो नापास झाला आणि मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

शुक्र. ७
वि.चा फोन. कंपनी बायकोपोरांसाठी खोली देतेय. महिनाअखेर पोरीच्या पासपोर्टचा नंबर कळवला नाही तर खोली दुसऱ्याला. मग पुन्हा वर्षभर तो तिकडे, ही इकडे.

शीतल म्हणाली, पुढचे केस थोडे कापू. मी म्हणालो, न्हाई. मामाच्या मांडीवर बसवून मामाने पहिली कात्री लावायची, त्याआधी केसाला लोखंड लागत नाही आमच्यात. विजयचं तसंच झालं, माझं तसंच. मामा पुण्यात कंपनीत, त्याला सुट्टी नाही. मग थांबा. मी काय वाकडं बोललो? संध्याकाळभर भांडी आपटण्याचा आवाज.

सोम. १०
परत सेनगाव. शीतलने खोबरेल चोपडून केस मागे बसवले. बसले छान, पण दिवा लागला की कपाळ असं चमकायचं की डोळेच दिसेनात. पुसलं तर केस पुन्हा खाली. मी चादरीखाली बसूनच होतो, कोणाला आठवण नाही.

गजानन म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, कम्प्युटरवर काढतो केस." काढले. वर न विचारता गोरी केली. कपाळ ताटासारखं. मी म्हणालो, ही आमची नाही. तो म्हणे, "सगळ्यांचे असेच करून देतो, कोणी नाव ठेवत न्हाई." कंडक्टर होतो तेव्हा पासावरचे फोटो बघायचो. त्यातला माणूस आणि समोरचा माणूस कधी जुळला नाही, सोडून द्यायचो. वाटलं इथेही सोडतील.

गुरु. १३
नाही सोडलं. मॅडमने फोटो बघितला, पोरीकडे बघितलं, म्हणाल्या कम्प्युटरवर हात फिरवलेला चालत नाही.

स्टँडवर शीतल रडली, लोकांसमोर. "बाबा, तुमाला आमाला पाठवायचंच न्हाई. सरळ सांगा ना तसं. जावळाचं काहून पुढं करता?"

मी तिकीट काढायला गेलो. अर्धं खरं आहे. पूर्णच खरं आहे. सासू नाही तिला, माझी बायको गेल्यापासून या दोघींवरच घर उभं आहे. त्या गेल्या की मी आणि भिंती. पण विजयनेही पोरीला हातात घ्यायला नको का.

शनि. १५
दोन दिवस कामापुरतं बोलणं. हरभऱ्याला पाणी दिलं. बाकी काही नाही.

दुपारी मीच तिच्या भावाला फोन केला. बिचारा म्हणाला, "तुमीच लावा कात्री, माझी हरकत न्हाई." असं कसं. आजा मामा होत नाही.

संध्याकाळी गजाननचा फोन, शीतलच्या मोबाईलवर. स्पीकरवर होता. त्याला वाईट वाटून राहिलं, फोटो त्याच्यामुळे गेला म्हणून. बोलता बोलता म्हणाला, मी मूळचा आखाडा बाळापूरचा, लग्न करून सेनगावात आलो. शीतल लगेच, "अगं बाई, कोणत्या गल्लीतले? माझं माहेर तिथंच." मग दोघांच्या गल्ल्या, शाळा, बाजार, कोण वारलं, कोण निवडून आलं. मी ताटावर बसून ऐकतोय.

माहेरच्या गावचा तो भाऊ. मग पोरीचा कोण? नियम माझाच होता. मी गप्प बसलो असतो तर तिला सुचलंही नसतं. जेवण झाल्यावर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, बाळापूर केवढं मोठं गाव आहे, मग तर बाजारभर मामा." पहिल्यांदा हसली या आठवड्यात.

रवि. १६
गजाननला सांगितलं तर खुर्चीतून उठला. "काका, मी? माझ्या हातून पोरीला लागलं तर?" तेवढा बडबड्या माणूस, शेवटी जपून पोरगी मांडीवर घेतली. शीतलने त्याला कुंकू लावलं. त्याने एक बट कापली. पुढचं शेजारच्या न्हाव्याने केलं. मामाने दुकान उघडं टाकून पळत जाऊन फ्रॉक आणला, दोन वर्षांच्या मुलीचा.

पोरीने आकाशपाताळ एक केलं. डोळे सुजले म्हणून फोटोला ताटकळत बसलो. मग पुन्हा मी चादरीखाली. पोरीचं डोकं एवढंसं दिसतं आता. माझ्या आईसारखी दिसते, हे केसांत कळलंच नव्हतं.

जावळ पुडीत ठेवलंय. सिद्धेश्वरला धरणाच्या पाण्यात सोडायचं.

गुरु. २०
फोटो घेतला. मॅडमने दोनदा बघितलं, "हीच ना?" म्हणाल्या, आणि कागद आत गेले. एवढंच. एवढ्यासाठी.

रात्री वि.ला व्हिडिओवर दाखवली. तो म्हणाला, "माझ्याशिवाय काढलं, बाबा?" मी म्हणालो, तुझ्यासाठीच काढलं. मग म्हणाला, तुमचाबी पासपोर्ट काढून ठेवा. मी म्हणालो, आवाज कटून राहिला. आवाज चांगला येत होता.

बुध. २६
पासपोर्ट आला नाही. पोस्टमन रोज दारावरून जातो, शीतल रोज बाहेर येते. महिना संपत आला. वि.ने कंपनीत मुदत मागितलीय, कळवतो म्हणाले. तिने बॅग काढून उन्हात ठेवलीय. मला पुन्हा म्हणाली, "बाबा, तुमचा फॉर्म भरू का? मागं एकटे काय करता?" बघू म्हणालो. शेत आहे, घर आहे... बघू.

दुपारी शीतल मागे धुणं धूत होती. पोरगी ओसरीवर गोधडीवर. मी पाणी प्यायला वळलो, परत बघतो तर बसलेली. कोणी न धरता. डुलली, सावरली, माझ्याकडे बघून हसली.

शीतलला हाक मारायला पाहिजे होती. विजयला फोन लावायला पाहिजे होता. नाही लावला. थोडा वेळ दोघंच बसलो.