काचेच्या पेटीतले बूट

ती. आईस, तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार.

मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. राष्ट्रीय स्टेडियमच्या संग्रहालयात तुझे धावण्याचे बूट नाहीत, असं मी कळवलं होतं. ते आहेत. रोज मीच ते पर्यटकांना दाखवते, पण मावशीचे म्हणून.

काल काच पुसायला पेटी उघडली, तेव्हा डाव्या टाचेवर बाबांनी घातलेले निळ्या दोऱ्याचे टाके दिसले. शर्यतीनंतर तू विश्वासाने तिच्याकडे ठेवायला दिलेस, तेच हे बूट.

घरी येऊन विचारलं, तर भाजी चिरता चिरता मावशी म्हणाली, “अगं, माझे कधीच हरवले. आणि लोक पहिल्या आलेलीचे बूट बघायला येतात, चौथ्या आलेल्या तुझ्या आईचे नाही.” मग तिने मला जेवायला वाढलं. मी जेवले, याचंच वाईट वाटतं. सख्खी बहीण ना तुझी?

माझी काळजी करू नकोस. कामावरच्या एका मैत्रिणीच्या खोलीत माझी सोय होईल. तुझा गुडघा कसा आहे? बाबांना एवढ्यात काही बोलू नकोस.

तुझीच,
धाकटी

ता. क. मावशी तिच्या पाहुण्यांना स्टेडियम दाखवायला आणणार आहे, आणि ती फेरी माझी आहे. ते बूट कोणाचे, हे मी तिच्यादेखत सांगणार आहे, येत्या रविवारी, बारा तारखेला.