तीन पायांचा कावळा

३ जानेवारी, सकाळी सात

ठरलं. मुलांसाठी रंगवायचं पुस्तक काढायचं. छापील आणि ई-बुक, दोन्ही. स्वतःच काढायचं. प्रकाशकाला हस्तलिखित देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पारड्याखाली चिकटवलेलं मेण नुसत्या वासावरून ओळखायचो. रिटायर झालो म्हणून नाक रिटायर झालेलं नाही.

पुस्तकाचं नाव ‘कावळ्याचं खरं वजन’. एक कावळा आपलं वजन विचारत दुकानोदुकानी फिरतो, प्रत्येक काटा वेगळंच सांगतो. चोवीस पानं. पानाला एक ओळ, एक चित्र. चित्रं मीच काढणार. चौथीत असताना चित्रकलेचं बक्षीस मिळालं होतं. (दुसरं. पहिल्या बक्षिसात काहीतरी काळंबेरं होतं.)

१४ मार्चला नातीचा सहावा वाढदिवस. पहिली प्रत तिला. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण सदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. तोवर तिला अवाक्षर कळता कामा नये. सहा वर्षांचं मूल म्हणजे गळकी बादली.

ही वही कपाटात. किल्ली माझ्याकडे.

९ जानेवारी

दोन पानं झाली. कावळा फर्मास जमला. ही चहा घेऊन आली तेव्हा मी कावळ्यावर वर्तमानपत्र टाकलं. तरी तिने विचारलंच, बदक काढताय का म्हणून. डाव माझ्या लक्षात आला. मी चूक दुरुस्त करीन आणि विषय फुटेल, असा तिचा अंदाज. मी म्हणालो, हो, बदकच. तिला वाटलं मी फसलो.

१७ जानेवारी

लेकीचा फोन. बाबा, छापण्याआधी चार मुलांना दाखवून बघा, म्हणाली.

हिला कसं कळलं? घरात फितुरी आहे.

आणि मुलांना दाखवा म्हणे! त्या मुलांना आईबाप असतात. आईबापांच्या घरी प्रिंटर असतात.

२४ जानेवारी

रामबाण उपाय सुचला. सापळा.

खात्यात आमच्या प्रमाण वजनांवर एक बारीक खूण असायची, फक्त आम्हालाच ठाऊक. तसंच करायचं. पुस्तकात मुद्दाम एक चूक पेरायची. पान नऊ, कावळ्याला तीन पाय. जो चोरेल त्याच्याही कावळ्याला तीन पाय येणार. मग बघतो कुठे पळतो ते.

‘पान ९, पाय ३, जाणूनबुजून’ असं लिहून, सही-तारीख करून पाकिटात घातलं. पाकिटाला लाख लावली. लाख लावताना अंगठा भाजला. हिने बर्फ आणून दिला. कशाने भाजलं ते विचारलं नाही. न विचारणं हेच संशयास्पद.

५ फेब्रुवारी

छापखान्यात गेलो. छापखानेवाला साहेब साहेब करतो. अशा माणसापासून चार हात लांब राहावं.

तो म्हणाला, रंगवायच्या पुस्तकाला साधा, जरा खरखरीत कागद लागतो, गुळगुळीत घेऊ नका. मी म्हणालो, गुळगुळीतच हवा, आरशासारखा चकचकीत. कारण सांगितलं नाही. कारण असं की चकचकीत पानाची फोटोकॉपी नीट निघत नाही, उजेड परत फिरतो आणि काळे धब्बे येतात. हा शोध माझा स्वतःचा.

तो तीनदा म्हणाला, साधा घ्या. तीनदा! साध्या कागदाचे गठ्ठे गोदामात कुजत पडले असणार, दुसरं काय.

मग विचारलं, कव्हरवर नाव काय टाकायचं. मी सांगितलं, नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. चोराला धागादोरा मिळता कामा नये. तर म्हणतो, मग गिऱ्हाइकाला तरी कसा मिळणार? फार बोलतो.

९ फेब्रुवारी

तीन दिवस मशीनजवळ स्टुलावर बसून आहे. कंबर धरली. पण एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. वाया गेलेले कागदसुद्धा मोजून घरी आणले.

आज छापखानेवाल्याने विचारलं, प्रूफवर खडू फिरवून बघितलात का. म्हणालो, खडू फिरवायला मी काय बालवर्गात आहे? त्यावर तो मशीनकडे तोंड करून काहीतरी पुटपुटला. मशीनच्या आवाजाचा फायदा घेतात लोक.

२० फेब्रुवारी

दोनशे प्रती खाटेखाली. प्रत्येक प्रत प्लास्टिकमध्ये सीलबंद, कोणी उघडून बघायला नको.

वह्या-पेन्सिलींच्या दुकानात पाच ठेवल्या होत्या. दुकानदाराने पाचही परत दिल्या. म्हणाला, आत काय आहे ते कळल्याशिवाय कोण घेणार? मी म्हणालो, आत काय आहे ते कळल्यावर घेतील कशाला? यावर तो नुसता हसला.

हसला का, ते शोधून काढायला हवं.

२६ फेब्रुवारी

ई-बुक अपलोड केलं. पासवर्ड बावीस अक्षरी. पहिली दोन पानं नमुना म्हणून फुकट ठेवावी लागली. नियमच आहे म्हणे. नियम कोणी केला, तो कोणाचा मेहुणा, कळायला मार्ग नाही.

हिने विचारलं, ई-बुकात मूल रंगवणार कशावर? जुन्या वळणाची आहे. मी समजावत बसलो नाही. खरं म्हणजे समजावता येईल असं काही आठवलंही नाही.

२ मार्च

पहिला रिव्ह्यू आला. एक तारा. कोणी आई लिहिते की फुकटचा नमुना उघडून दिला तर मुलाने टॅबच्या काचेवर खडू घासले, पुसून पुसून हात दुखले.

हा छापखानेवाला. खडूचा विषय त्याच्याशिवाय कोणाच्या डोक्यात होता? बाईचं नाव घेतलं म्हणून लपतो होय.

१४ मार्च, रात्री

मुंगीचा वाढदिवस. प्रत दिली. तिने प्लास्टिक दातांनी फाडलं. कावळा बघताक्षणी म्हणाली, कावळा! (बदक म्हणाली नाही. हिच्याकडे बघितलं. ही पडदा सारखा करत होती.)

तिथेच बसकण मारून रंगवायला घेतलं. काळा खडू पानावरून घसरला. पुन्हा फिरवला. रंग उमटला, पण बोट लागताच पुसून गेला. जोर लावला तर खडू मोडला. स्केचपेन आणलं. ते पानावर सोडून सगळीकडे बसलं, तिच्या फ्रॉकवर, कोपरावर, माझ्या शर्टावर.

खडूच निकृष्ट. हल्ली मेणात भेसळ फार. लेकीला दुसरे घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, हे दुसरेच आहेत बाबा.

मुंगीने विचारलं, याला तीन पाय का? मी तिला बाजूला घेतलं. म्हणालो, ते गुपित आहे, आणि हे पुस्तक मी काढलंय हेसुद्धा गुपित. मरेस्तोवर कोणाला सांगायचं नाही. तिने गळ्याला हात लावून शपथ घेतली. निजताना पुस्तक उशाशी घेऊन निजली, असं लेक फोनवर म्हणाली. रंगवता येत नसताना पुस्तक उशाशी कशाला? काही समजत नाही.

२१ मार्च

ई-बुकची एक प्रत खपली! एक!

आनंद चहा होईपर्यंत टिकला. मग विचार केला. लेखकाचं नाव नाही, जाहिरात नाही, वर एक तारा. असलं पुस्तक भला माणूस विकत घेईल कशाला? ज्याला चोरायचंय तोच घेईल. साइट गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही. तेही सामील.

दिवसभर जेवण गेलं नाही. हिने दोनदा वाढून ठेवलं, दोनदा झाकून ठेवलं.

२८ मार्च, दुपारी

सापडला!

लेकीला ऑफिसात उशीर होणार होता म्हणून मुंगीला आणायला शाळेत गेलो. वर्गाच्या खिडकीतून सहज आत बघितलं. भिंतभर कावळे. एकतीस. मी मोजले. एकतीसही कावळ्यांना तीन-तीन पाय!

बत्तीस वर्षांत असा माल हाती लागला नव्हता. फोटोकॉप्या लख्ख. धब्ब्यांचा मागमूस नाही. मशिनं सुधारलेली दिसतात.

मुंगी माझा हात ओढून आत चला, आत चला म्हणत होती, काहीतरी दाखवायचं होतं तिला. मी म्हणालो, नंतर. खात्याचा नियम, धाडीआधी चेहरा कोरा ठेवायचा. घरी येईपर्यंत ती मागे वळून वळून शाळेकडे बघत होती. चोराचं नाव तिला माहीत असावं.

तक्रार लिहायला घेतली आहे. चार पानं, तीन प्रतींत.

२९ मार्च

फत्ते.

मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर पाकीट ठेवलं. त्यांच्यादेखत लाख फोडली. पान नऊ, पाय तीन, जाणूनबुजून. वर्गाच्या बाईंना बोलावलं गेलं. तरुण आहेत, बोटांना फळ्याचा खडू लागलेला. मुंगीही त्यांच्या मागोमाग येऊन दारात उभी राहिली. तिलाही समजेल असं सोपं करून सांगितलं की तिसरा पाय हा पाय नाही, सापळा आहे.

बाई म्हणाल्या ते इथे नोंदवून ठेवतो. मुंगीने पुस्तक शाळेत आणलं होतं. त्यावर रंग बसेना म्हणून रडत होती. म्हणून त्यांनी त्या पानाची साध्या कागदावर कॉपी काढून दिली. मग सगळ्या वर्गालाच तो कावळा हवा झाला. परवानगी घ्यायची होती, पण पुस्तकावर नाव नाही, पत्ता नाही. मुंगीला रोज विचारलं, तर ती ओठ घट्ट मिटून मान हलवायची. फुकट वापरणं बरं वाटेना म्हणून शेवटी शोधून त्यांनी ई-बुक तरी विकत घेतलं.

एवढं सांगताना त्यांचे डोळे भरून आले. डोळ्यांतलं पाणी मी खात्यात पुष्कळ पाहिलंय.

मुख्याध्यापिकाबाईंनी चित्रं ताबडतोब उतरवायला सांगितली. इतकी स्वच्छ केस माझ्या नोकरीत झाली नाही. बाई एकेक टाचणी काढत होत्या आणि मुलं मांडी घालून खाली बसून बघत होती.

निघताना मुंगीला म्हणालो, चल. ती म्हणाली, मी आईबरोबर येईन.

३१ मार्च

शाळेने चित्रांचा गठ्ठा पाठवला. ई-बुकही परत केलं. एकूण विक्री, शून्य.

ही दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. आज बोलली नाहीच, फक्त गठ्ठ्याची दोरी सोडून सगळी चित्रं जमिनीवर मांडली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी पुरावा म्हणून एकेक तपासायला घेतलं.

एकाने तिसऱ्या पायात बूट घातलाय. एकीने लाल मोजा. एकाने पायाला प्लास्टर करून काखेत कुबडी दिलीय. एकाने चौथा पाय काढून खाली लिहिलंय, आता पडणार नाही. एकीने बाकी कावळा कोरा ठेवून फक्त तिसरा पाय सोनेरी रंगवलाय. सगळी पुन्हा पाहिली. एकतीस मुलांत एकालाही ती चूक वाटलेली नाही.

मुंगीचं सगळ्यात खाली होतं. तिचा कावळा तागडीत बसलाय. तागडी एका माणसाने धरलीय, चष्मा, टक्कल, शर्टावर स्केचपेनचा डाग. बाकी मुलांनी आपापल्या चित्रातल्या सगळ्यांखाली नावं लिहिलीत. त्या माणसाखाली तिने रेघ आखून जागा रिकामी सोडलीय.

शपथ पाळली पोरीने. घरात एकच माणूस फुटला नाही, आणि त्याच्यावरच मी धाड घातली.

वाईट वाटलं. वहीला कुलूप आहे म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं.

पेन्सिल घेऊन त्या रेघेवर माझं नाव लिहून पाहिलं. साध्या कागदावर छान उमटतं.

२ एप्रिल, सकाळी

उद्या शाळेत जायचं. बाईंची माफी मागायची. चित्रं स्वतः भिंतीवर लावायची. छापखानेवाल्याला साध्या कागदाबद्दल विचारायचं. (शिल्लक गठ्ठे असतील तर त्याला बरंच.) टाचण्यांची डबी सापडत नव्हती. हिने लपवली असणार, असं लिहिणार होतो. माझ्याच कपाटात होती, कुलपात.

मग मुंगीला फोन केला. म्हणालो, तुझ्या बाईंना आज सांगून टाक, तो कावळा माझ्या आजोबांनी काढलाय. नाव सांग, पत्ता सांग, सगळं सांग. शपथ सुटली.

मग तिने विचारलं, आजोबा, हापण सापळाच आहे का?

नाही म्हणालो. गळ्याला हात लावून म्हणालो. तो तिला फोनवर दिसणार नव्हता, हे नंतर लक्षात आलं. ती म्हणाली, फोन आजीला द्या.