सांचीची तुमच्याशी कट्टी

अहो सांचीचे आजोबा,

जय भीम. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. एकेचाळीस वर्षं एका घरात काढली, पत्र कशाला लागलं? चौथीत शाळा सुटलेली बाई मी, अक्षराला हसू नका. समोर तुमची नात बसलीय, तीही तुम्हालाच लिहितेय. आज शाळेत तिच्या टीचरनी सांगितलं, आजोबांना सांगायचं राहिलेलं लिहून काढ. मग मीही कागद घेतला. तिचं इंग्रजीत, माझं मराठीत. मध्येच ओरडते, "आजी, चीटिंग नको, बघायचं नाही!" मला मेलीला काय वाचता येतंय तिचं!

काय एकेक शिकते हो पोरगी! दुसरीत राग कसा आवरायचा, रडू आलं तर कुणाला सांगायचं, याचाही तास असतो. वर्गात दोरी बांधून चार चेहरे टांगलेत: हसरा, रडका, रागीट, घाबरलेला. सकाळी प्रत्येकानं आपल्या नावाचा कपड्याचा चिमटा हव्या त्या चेहऱ्याला लावायचा. आमच्या गुरुजींपुढे एकच चेहरा होता, घाबरलेला!

परवा फोडणीचं तेल हातावर उडालं, मी चिडले. तर मलाच शिकवते, "आजी, फुगा कर. श्वास घे, पोट फुगव, हळू सोड." फुगा करता करता फोडणी जळून कोळसा! इतक्या हसलो आम्ही दोघी. आणि हसता हसता तुमच्या खुर्चीकडे बघितलं. सांगायचं कुणाला आता?

बोलायलाच कुणी नाही हो. अविनाश नि सूनबाई आठलाच बाहेर पडतात. शेजारच्या लक्ष्मम्मा गुणाच्या, पण त्यांचं तेलुगू धावतं आणि माझं रांगतं. भाजीवाल्याशी मी उगाच वाद घालते, तेवढंच चार शब्द. तो म्हणतो, "अम्मा, रोज झगड़ते, रोज मेरे पासीच आते!"

बघा, भरकटले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मुद्द्यावर ये."

काल सांचीला आणायला गेले तर टीचरनी थांबवलं. "अम्मा, जरा ठैरो. बच्ची का चिमटा रोज गुस्से पे रैता. किस पे गुस्सा पूछे तो बोलती, अपने आप पे."

सात वर्षांच्या पोरीला स्वतःचा राग? वाटेत विचारलं, तशी फुटपाथवरच उभी राहिली. "मी आजोबांशी कट्टी केली ना, म्हणून ते गावाला गेले. म्हणून फोनपण करत नाहीत."

आठवतंय? तुम्ही तिच्या चित्रामागे गॅसवाल्याचा नंबर लिहिलात आणि तिनं करंगळी दाखवली. त्याच दुपारी तुम्ही गेलात. आम्ही तिला सांगितलं, आजोबा नांदेडला गेलेत. पुण्यानुमोदनाच्या विधीला तिला मामाकडे ठेवलं. अविनाश म्हणाला, "लहान आहे आई, परीक्षा होऊ दे." मीही मान डोलावली. पोरीला दुःख नको म्हणून आम्ही खोटं बोललो, आणि तीन महिने ती बिचारी एकटीच दोष वाहत बसली!

कोपऱ्यावरच्या बागेत बाकावर बसवलं तिला. म्हटलं, "आजोबा गावाला नाही गेले, बाळा. वारले. त्यांचं हृदय बंद पडलं."

"माझ्या कट्टीनं?"

"छे गं! कट्टीनं कुणी मरतं होय? छातीत दुखत होतं त्यांच्या, कुणाला बोलले नाहीत."

का नाही बोललात हो? पित्त आहे म्हणत ओवा चघळत बसलात. मी चारदा विचारलं, चारही वेळा "काही नाही." तुमच्यासारख्यांनाच बसवायला हवं त्या तासाला!

ती रडली. मग मीही रडले, भर बागेत. इतके दिवस न्हाणीघरात नळ सोडून रडत होते मी, पोरीला कळू नये म्हणून. शेजारच्या बाकावरची बुरख्यातली बाई पाण्याची बाटली घेऊन आली. सांचीचे डोळे मी पुसायला लागले तर म्हणाली, "रोने दो अम्मा, दिल हलका होता."

थोड्या वेळानं सांचीनं विचारलं, "तू खोटं का बोललीस?" म्हटलं, "चुकलं माझं." तर म्हणते, "मग तुझ्याशीपण कट्टी." सिग्नलपर्यंत एक अक्षर बोलली नाही. रस्ता ओलांडताना मात्र तिनंच माझं बोट धरलं.

अविनाशला अजून यातलं काही ठाऊक नाही. मला न विचारता सांगितलंस म्हणून चिडेल. चिडू दे. तुमचाच लेक तो. तुम्हाला खांदा दिला, पाहुण्यांचं सगळं बघितलं, पण त्याच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नाही. कसा आहेस विचारलं की तेच तुमचं, "काही नाही, आई."

तुम्हाला शब्द देते. तुमचं "काही नाही" मी ऐकून घेतलं, त्याचं नाही घेणार. आज त्याला सगळं सांगेन, आणि मग तो बोलेपर्यंत त्याच्याजवळून उठणार नाही, स्वयंपाक राहिला तरी राहू दे.

खाली गाडी लागली. आलाच वाटतं.

तुमची,
सांचीची आजी