टिंबाची कडी

रविवार, मांजर्ली

मला बघायला आलेले पाहुणे गेले, राग गेला नाही. "ताऱ्यांचं शिकलीस ना, मग पत्रिका तूच जुळव की!" मुलाची आत्या म्हणाली. सगळे हसले. आप्पासुद्धा!

मी सरबताच्या रिकाम्या ग्लासाचं जाड, गोल बूड पत्रिकेवरच्या टिंबावर धरलं. टिंबाची कडी दिसली. म्हटलं, "दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह, तिच्या मागून येणारा प्रकाश गुरुत्वाने असाच वाकवते. हे गुरुत्वीय भिंग. यातून न दिसणारं वस्तुमानही मोजता येतं."

"मोजून भाकरी भाजते का गं?" आत्याने विचारलं.

आणि आप्पा? "लग्नानंतर सोडेल ती एमएस्सी." कुणाला विचारून?

ती कडी आत्याने वाकून पाहिलीसुद्धा नाही. आप्पांनीही नाही. उद्या नकाराचा फोन आप्पांनी केला नाही, तर मीच करीन.