मिरवणुकीचा बाण कुठं गेला

१९ जानेवारी, मुकुटबन

उद्या संत सेबॅस्टियनचा सण. धर्म सोडेना म्हणून ज्याला झाडाला बांधून बाण मारले, तो शिपाई. त्याचा पुतळा रंगवायला फादरनं मला ठेवलंय. रंगासाठी बाण उपसून ठेवले, तर त्यातला चांदीचाच गायब! फादर माझ्या पिशवीकडं पाहत होता. फिरस्त्यावरच संशय, अजून कोणावर?

माझा संशय मार्थामावशीवर. चर्च झाडते ती. आज पदर घट्ट धरून लवकर निघाली. विकते काय? गेलो मागं.

उद्या तोच बाण घरोघर नेऊन आजाऱ्यांच्या कपाळाला लावतात. पण मावशीच्या पोरानं, जोसेफनं, बजावलंय, "बाणबिण आणला तर घर सोडीन. मले दवाखाना पाहिजे." कपाशीवर फवारताना औषध उडालं, तेव्हापासून त्याला नीट दिसत नाही.

दारातून पाहिलं तर जोसेफ दुपारचा झोपलेला, अन् मावशी त्याच्या पापण्यांना हळूच बाण टेकवत होती. आधी एक, मग दुसरी. मला पाहून दचकली. बाहेर येऊन म्हणाली, "बापा, कोणाले सांगू नको. त्याले झोपेत काही समजलं नाही."

बाण मीच परत आणला. "उजळायला नेलता," म्हटलं. फादरला पटलं नाही. न पटू दे.

माझं डोकं दुसरीकडंच. बाण टेकला तेव्हा जोसेफनं गोधडी मुठीत आवळलेली मी पाहिली.

झोपलेला माणूस अशी मूठ आवळतो काय?