उतरलेल्या कपड्यांची पिशवी

विश्रांतवाडी, पुणे
९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
कल्याणीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुमचा आवाज चढला, मग माझाही चढला, तेव्हा तुम्ही म्हणालात, काय ते लिहून पाठव, आणि फोन ठेवून दिलात. टपाल खात्यात जन्म काढलेल्या माणसाशी भांडायचं तर तिकीट लावूनच भांडावं लागणार, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. म्हणून हे पत्र.

रविवारी मी लोणीला आले आणि गाठोडं दारात ठेवलं. त्यातल्या जीन्स बघून तुम्ही एवढंच विचारलंत, या कुणाच्या. मी म्हटलं, वाघोलीच्या सोसायट्यांमधून आणल्या, लोक जुन्या झाल्या की फुकट देतात. तुम्ही आत गेलात ते मी निघेपर्यंत बाहेर आला नाहीत. आई मला बसपर्यंत सोडायला आली. माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. जुने कपडे घाण असतात म्हणून राग असेल, तर त्या मी गरम पाण्यात दोनदा धुते. बाल्कनीत इतक्या जीन्स वाळत असतात की घरमालकीणबाईंनी माझ्या खोलीतल्या तनयाला विचारलं, तुम्हा दोघींच्या खोलीत नक्की किती पुरुष राहतात?

खराडीचं ऑफिस बंद झाल्यापासून माझं पोट या पिशव्यांवर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. जीन्स उसवायची, न विरलेला भाग कापून घ्यायचा, आतून सुती अस्तर लावायचं, मूळचा खिसा तसाच बाहेर ठेवायचा, कारण गिऱ्हाइकाला तोच आवडतो. एका पिशवीत माझा अख्खा दिवस जातो. अस्तर, चेन, दोरा आणि मजुरी धरली तर नऊशेच्या खाली परवडत नाही. पण प्रदर्शनात बायका पिशवी उलटीपालटी करून म्हणतात, जुन्या पॅन्टचीच ना, ती तर तुला फुकट मिळाली असेल. तिथे माझी जीभ अडकते, बाबा. मी साडेचारशेला देऊन मोकळी होते.

आता मागणं. माझ्या हलक्या मशीनवर जिथे दोन शिवणी एकमेकींवर येतात तिथे सुई तुटते. आईचं जुनं लोखंडी मशीन ते जाड कापड लोण्यासारखं शिवतं. ते तिसऱ्या मजल्यावर आणणं शक्य नाही. आठवड्यातले दोन दिवस लोणीला येऊन तुमच्या घरी मी हे काम करू का? तुमच्या परवानगीशिवाय मी येणार नाही.

लोभ आहेच, तो रागातही असू द्यावा.
आपली,
कल्याणी

*

लोणी काळभोर
१५ जानेवारी २०२५

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. शुद्धलेखन चांगलं आहे. बाकीचं बोलू.

कपडे घाण असतात म्हणून मी आत गेलो नाही. इस्त्री करून, घडी घालून दिले असते तरी आत गेलो असतो. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण सांगावं लागू नये अशीच माझी इच्छा होती.

आपल्या गावात दीक्षा झाली तरी जुन्या सवयी एका दिवसात सुटल्या नाहीत. तुझ्या आजोबांनी गावकीची कामं सोडली, पण आजीला शेतावर मजुरी करावी लागेच, आणि मजुरीत कधी धान्याऐवजी मालकाच्या घरचे उतरलेले कपडे मिळत. मी तिसरीत असताना असाच एक सदरा आला. तो घालून शाळेत गेलो, तर मालकाचा पुतण्या वर्गात उभा राहिला आणि गुरुजींना म्हणाला, हा माझा सदरा आहे, खिशावर माझ्या शाईचा डाग आहे बघा. सगळा वर्ग बघायला आला. गुरुजीही हसले. संध्याकाळी मी घरी सांगितलं. आजोबांनी तो सदरा माझ्या अंगातून काढला आणि चुलीत घातला. त्या दिवसापासून दुसऱ्याचं उतरलेलं आपल्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. एकाच मांजरपाटाच्या सदऱ्यावर मी पुढची दोन वर्षं काढली. ओला असला तर ओलाच घालायचो.

आता माझी शिकलेली मुलगी लोकांच्या दारोदार जाऊन जुन्या विजारी मागते. लोक त्याला पर्यावरण म्हणत असतील. मला ते म्हणता येत नाही.

आणि एक. साडेचारशेला दिल्याचं वाचून मला जास्त राग आला. बाई फुकट म्हणाली आणि तुझी जीभ अडकली, कारण तुलाही आतून तसंच वाटतं. मागून आणलेल्या वस्तूचा भाव माणूस ताठ मानेने सांगू शकत नाही. भाव पाडून विकायचं असेल तर धंदा करू नये, पुण्यात नोकऱ्या संपलेल्या नाहीत.

मशीनबद्दल माझं उत्तर, नाही.

तब्येतीस जप. माया कमी झाली असं समजू नये.
तुझे,
बाबा

*

विश्रांतवाडी, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस कात्री हातात धरवली नाही. मग तुमच्या बोलण्यातलं एक मी लगेच अमलात आणलं. आता मी जीन्स मागत नाही, विकत घेते. वाघोलीत परत त्याच दारांवर गेले आणि प्रत्येक जीन्सचे पैसे पुढे केले. बायकांची फार पंचाईत झाली. प्रियदर्शनी नावाच्या बाई म्हणाल्या, अहो पैसे कसले, आम्ही टाकूनच देणार होतो. मी म्हटलं, मग टाका, पण मला द्यायची असेल तर पैसे घ्यावे लागतील. त्यांनी घेतले आणि त्यांचा चेहरा पडला. दान करायचं राहून गेलं ना! दुसऱ्या एकींनी मात्र पैसे मोजून घेतले आणि खिशाला नक्षी आहे म्हणून वर दहा रुपये मागितले. मला त्या फार आवडल्या.

आता मोठी बातमी. बाणेरला सृष्टी नावाच्या मुलीचं हाताने बनवलेल्या वस्तूंचं दुकान आहे. तिला माझ्या पिशव्या पसंत पडल्या. इतक्या स्वस्त का देतेस, असं तिने विचारलं आणि बोलता बोलता मी तिला तुमच्या सदऱ्याची गोष्ट सांगितली. बाबा, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ही गोष्ट चिठ्ठीवर छापून प्रत्येक पिशवीला बांधू, मग अठराशेला जाईल. आणि जाते आहे! दोन गेल्यासुद्धा. कुणी फुकट हा शब्द काढला नाही. तुम्ही म्हणाला होतात ना भाव पाडू नकोस, तर बघा.

सोबतच्या पार्सलात एक पिशवी पाठवते आहे. चिठ्ठी जरूर वाचा. त्यावर लिहिलं आहे की एका मुलाला दुसऱ्याचा उतरलेला, नकोसा सदरा घालावा लागला, वर्गात त्याचा अपमान झाला, आणि आज त्याची लेक तशाच उतरलेल्या कपड्यांचं सोनं करते आहे. तुमचं नाव घातलेलं नाही. वाचून मन निवळलं तर मशीनचंही बघावं, काम आता वाढलं आहे.

आईला नमस्कार. उत्तराकडे डोळे लावून बसले आहे.
आपली,
कल्याणी

*

लोणी काळभोर
६ फेब्रुवारी २०२५

कल्याणीस,

पार्सल पोचलं. पोस्टाने परत पाठवलं आहे.

मी ते तुला लिहिलं होतं, दुकानाला नाही. अठराशे रुपयांत अस्तराचे किती, चेनचे किती, मजुरीचे किती आणि माझे किती, तेवढं कळव.

धोंडिबा

*

लोणी काळभोर
१० फेब्रुवारी २०२५

चि. कल्याणीबाय,
आईचा आशीर्वाद.

माझं अक्षर वाकडंतिकडं हाय, हसू नको. मी लिहिते हे ह्यांना ठावं नाही, त्यांनी पार्सल परत पाठवलं तेव्हाच मनात आलं व्हतं.

तुझ्या बाबांचं जेवण निम्म्यावर आलंय. सकाळी पेपर धरून बसतात, पान काही उलटत नाहीत. मी इचारलं तर म्हणतात, डोळं दुखतात. कल्याणी, त्या सदऱ्याचं त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात तू झालीस, सासू-सासरे गेले, पण नाही. तुला लिहिलं तेव्हा त्यांनी ते पत्र आधी मला वाचून दाखवलं, तवा मला कळलं. आणि तू ते दुकानात टांगलंस. मला पण लई वाईट वाटलं बग.

तू वाईट मनाने केलं नाहीस हे मला कळतंय, त्यांनाही कळत असंल. पण ते तुला आपणहून लिहिणार नाहीत, तूच लिही. मशीनला मी तेल घालून ठेवलंय. ते कुणासाठी ते मला इचारू नको.

वेळेवर जेवत जा. येवढी आईची माया गोड मानून घे.
हिरा

*

विश्रांतवाडी, पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

तुम्ही हिशेब मागितलात. अस्तर, चेन, दोरा आणि माझी मजुरी मिळून नऊशे, जीन्सचे पैसे मी मजुरीतूनच भागवते. उरलेले नऊशे तुमचे. खरं उत्तर तेच आहे. तुम्ही विचारेपर्यंत मी ते असं कधी मांडून बघितलं नव्हतं. मला वाटलं मी तुमचा मान वाढवते आहे.

मी बाणेरला जाऊन सगळ्या पिशव्यांच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या. सृष्टी वाईट मुलगी नाही, पण तिचं म्हणणं पडलं की चिठ्ठीशिवाय त्या भावाला कुणी घेणार नाही आणि कमी भावाच्या वस्तू ती ठेवत नाही. म्हणून पिशव्याही घेऊन आले. रिक्षात माझ्याभोवती पिशव्याच पिशव्या होत्या आणि मी रडत होते. रिक्षावाल्याने विचारलं, ताई, दुकान बुडालं का? मी हो म्हटलं.

विकल्या गेलेल्या दोन पिशव्यांचं मात्र मला काही करता येत नाही. नावं-पत्ते नाहीत. पुण्यात कुठल्या तरी दोन बायकांच्या घरी तुमची गोष्ट आहे आणि ती मला परत आणता येत नाही. याची माफी मागून काय होणार आहे, तरी मागते.

पण बाबा, आता खोटंही बोलवत नाही. हे काम मी सोडणार नाही. प्रदर्शनात आता मी नऊशे सांगते आणि गप्प उभी राहते. दिवसभरात एखादी जाते, कधी तीही नाही. तरीही, कारण मला हे आवडतं. जीन्स कितीही विटलेली असली तरी शिवण उसवली की आत घडीमध्ये मूळचा गडद निळा रंग असतो, अगदी दुकानातून आणल्यासारखा. तो दिसला की मला जो आनंद होतो तो ऑफिसात एकदाही झाला नव्हता. ती कुणी घातली होती हे तेव्हा माझ्या मनातही येत नाही. यायला हवं का, मला खरंच कळत नाही.

तुम्हाला न पटणारं काम तुमच्या घरात करायचं नाही, हे मी मानते. तरी एकदा शेवटचं विचारते, परवानगी द्याल का? नाही म्हणालात तर परत विचारणार नाही, आणि रविवारी रिकाम्या हातांनी भेटायला येईन, येऊ दिलंत तर.

माझ्यावरचा लोभ अगदीच आटला नसेल तर दोन ओळी याव्यात.
आपली,
कल्याणी

*

लोणी काळभोर
२२ फेब्रुवारी २०२५

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तुला आवडतं असं तू लिहिलंस, त्या ओळीशी दर वेळी थांबलो.

तुझ्या चिठ्ठीत एक शब्द चुकीचा होता आणि मला सर्वांत जास्त तोच लागला. नकोसा. कल्याणी, तो सदरा मला नकोसा नव्हता. टेरिलिनचा, पिवळसर, मोठ्या कॉलरचा होता. तसं कापड मी आधी अंगाला लावलं नव्हतं. वर्गात सगळे हसले तेव्हाही मी खिशावर हात ठेवून उभा होतो, कुणी तो काढून घेऊ नये म्हणून. आजोबांनी चुलीत घातला तेव्हा मी जाळातून ओढायला गेलो आणि मोठ्याने रडलो. अपमानासाठी नाही, सदऱ्यासाठी. आजोबा माझ्याकडे बघत राहिले. मारलं नाही. जे नाकारण्यासाठी त्यांनी गावाशी वैर घेतलं, तेच त्यांच्या पोराला हवं होतं. त्यांची ती नजर मी म्हातारा झालो तरी मला सोडत नाही.

हे तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. लाज वाटली. त्या दिवशी दारात तू एक जीन्स उचलून, कापड किती छान आहे बघा बाबा, असं म्हणालीस आणि तुझा चेहरा उजळला. मी तो चेहरा ओळखला. म्हणून आत गेलो. तुझ्यावर रागावलो असं मलाही तेव्हा वाटलं होतं.

विकल्या गेलेल्या त्या दोन पिशव्यांचं मला अजून सोसवत नाही. ते जाईल की नाही सांगता येत नाही, आणि गेलं असं मी तुझ्या समाधानासाठी लिहिणार नाही.

तू नऊशे सांगून गप्प उभी राहतेस, ते मात्र बरं करतेस. एखादा दिवस एकही गेली नाही तरी तसंच उभं राहावं.

तू प्रत्येक पत्रात परवानगी मागितलीस. ती मी देणार नाही. आपल्या घरात मागायची सवय मोडायला आजोबांचा सगळा जन्म गेला, आणि माझी मुलगी माझ्याच दारात उभी राहून मागते, हे मला नको आहे. मशीन तुझ्या आईचं आहे, घर तुझं आहे. कुणाला विचारायचं कारण नाही, यायचं आणि कामाला बसायचं. मंगळवारी ये. मला ते कापड फाडल्याचा आवाज ऐकवणार नाही, म्हणून तुझं काम चालू असेपर्यंत मी कालव्याच्या बाजूने फिरून येईन. जेवायला मात्र घरी येईन. माझं ताट वाढून ठेव.

तुझे,
बाबा